सोपानने काढलेली खरखर

एका गावात एक भोळा गडी होता. गावाचं नाव मी सांगणार नाही. तिथले लोक अजून मला चहाला बोलावतात, तो कशाला बंद करून घ्या. गड्याचं नाव मात्र सांगतो, कारण त्याला राग येत नाही. त्याचं नाव सोपान.

सोपान आळशी नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. उलट कामाला वाघ. एकदा हातात घेतलेलं काम तो सोडायचा नाही. फक्त सांगितलं तेवढंच करायचा आणि सांगितलं तसंच करायचा. शिवाय त्याच्या डोक्यात एका वेळी एकच गोष्ट मावायची. नवी आत शिरली की जुनी मुकाट्याने बाहेर.

त्याच गावात यशवंतअण्णांचं मांडव आणि लाउडस्पीकर भाड्याने द्यायचं दुकान होतं. पुढे काय झालं, लोकांचे सीडी प्लेअर एकेक करून बंद पडले. सीड्या मात्र ट्रंकेत, कपाटावर, देव्हाऱ्याखाली तशाच राहिल्या. अण्णांनी एक कॉम्प्युटर आणला आणि पाटी लावली, ‘सीडीतली गाणी आवाज साफ करून मोबाइलवर भरून मिळतील.’ पाटी वाचून गर्दी झाली. नेमका लग्नाचा मोसम. अण्णा मांडव घालायला गेले आणि कॉम्प्युटरपाशी सोपान बसला. इथून पुढे जे झालं त्यात माझा काही हात नाही.

जाण्याआधी अण्णांनी त्याला शिकवलं. "हे बघ, सीडीवर चरे पडले की गाण्यात टकटक येते. पडद्यावर आवाजाची रेघ पळते ना, तिच्यात टक आली की अशी सुईसारखी उभी राहते. ती आपल्याला नको. टक दिसली की काढ."

"बरं अण्णा," सोपान म्हणाला.

पहिल्यांदा शाळेचे हेडमास्तर आले. पोरांच्या लेझमीची सीडी होती, गॅदरिंग तोंडावर आलं होतं. सोपानने सीडी लावली आणि बघतो तर काय, टकच टक. रेघ कसली, पडद्यावर नुसत्या सुयाच उभ्या. दुसरा कोणी असता तर त्याला जरा शंका आली असती. सोपानला फक्त काम दिसलं. त्याने जेवण बाजूला ठेवलं आणि एकेक सुई वेचून काढली.

गॅदरिंगला पोरं फेटे बांधून रांगेत उभी राहिली. हात वर, लेझमी वर. हेडमास्तरांनी मोबाइल लावला. काहीच नाही. पोरं हात वर करून उभी. मग एक शिटी वाजली. परत काही नाही. परत शिटी. समोर बसलेल्या आया म्हणाल्या, "बसवलंय छान, पण सुरू कधी होणार?"

अण्णांनी सोपानला बोलावलं. "अरे शहाण्या, लेझीमच काढलीस?"

"टकटक करत होती, अण्णा."

"ठेक्यात करत होती ना? ठेक्यात येतं ते वाद्य. ते ठेवायचं. ठेका सोडून मध्येच येतं ते काढायचं. कळलं?"

"बरं अण्णा."

टकटक डोक्यातून गेली, ठेका आत आला.

मग रंगराव पैलवान आले. त्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं होणार होती. पोरांचा हट्ट, आईवडिलांचं लग्न परत लावायचं. अंतरपाट, अक्षता, सगळं. मंगलाष्टकंसुद्धा त्या वेळचीच, सीडीतली. सीडीवर नेमका शेवटी शेवटी एक चरा होता. तिथे आली की ती अडकायची. ‘शुभमंगल सा’ इथपर्यंत जायची आणि परत मागे यायची. सोपानने कान देऊन ऐकलं. शुभमंगल सा, शुभमंगल सा, शुभमंगल सा. पायाने ताल धरून बघितला. अगदी ठेक्यात होतं. त्याने ते सगळं जपून ठेवलं.

लग्नाच्या दिवशी अंतरपाट धरला. एकीकडे रंगराव, दुसरीकडे मंदाकाकू. पाहुणे अक्षता घेऊन उभे. मंगलाष्टकं छान चालली, आणि मग आलं शुभमंगल सा. लोकांनी हात उचलले. शुभमंगल सा. लोकांनी हात खाली घेतले. शुभमंगल सा. परत उचलले. अंतरपाट धरणाऱ्या दोघांचे खांदे भरून आले. एका म्हाताऱ्याने कंटाळून आपल्या अक्षता शेजाऱ्यावर टाकल्या आणि तो जेवायच्या पंगतीत जाऊन बसला.

अंतरपाटाच्या पलीकडून रंगरावांनी विचारलं, "अगं, अजून किती वेळ?"

"मला काय विचारता," मंदाकाकू म्हणाल्या. "पण सावधान काही झालेलं नाही बरं का. म्हणजे लग्न लागलेलं नाही. मी अजून विचार करू शकते."

रंगराव हसले, पण मनापासून नाही.

अण्णांनी कपाळाला हात लावला. "सोपाना, सीडी अडकली होती रे."

"ठेक्यात अडकली होती, अण्णा."

"ठेका गेला खड्ड्यात. तेच तेच परत आलं की समजायचं सीडी अडकलीय. पहिलं ठेवायचं, पुढचं सगळं काढायचं."

"बरं अण्णा."

ठेका बाहेर गेला. तेच तेच आत आलं.

आणि दुकानात आल्या गोदाक्का. गोदाक्कांकडे रामनामाच्या जपाची तासाभराची सीडी होती. रोज सकाळी जप लावायचा, चूल पेटवायची, आणि जप संपेस्तोवर भाकऱ्या थापायच्या, असा त्यांचा नेम होता. सोपानने सीडी लावली. राम आला. मग परत राम आला. सोपान हसला. आता तो फसणार नव्हता. त्याने पहिला राम ठेवला.

दुसऱ्या दिवशी गोदाक्कांनी आंघोळ करून मोबाइल समोर ठेवला, पिठात पाणी घातलं, बटण दाबलं. मोबाइल म्हणाला, "राम." आणि गप्प झाला. आक्कांना वाटलं, मोबाइलच गेला.

त्या पिठाच्या हातानेच दुकानात आल्या. "सोपाना, तासाभराचा राम होता माझा."

"आक्का, राम एकच होता," सोपान म्हणाला. "बाकीचे सगळे तेच तेच."

गोदाक्का तशाच परत फिरल्या. नंतर देवळात त्यांनी पुजाऱ्याला विचारलं म्हणे, की हे पोर बोललं ते बरोबर की चूक. पुजाऱ्यालाही नीट सांगता आलं नाही.

अण्णांना मात्र सांगता आलं, आणि त्यांनी बरंच सांगितलं. ते सगळं इथे लिहिता येणार नाही. शेवटी दमून ते खाली बसले. "सोपाना, तुझ्या पाया पडतो. तू काही ठरवूच नकोस. ज्याची सीडी त्याला विचार, बाबा यातलं काय नको. तो म्हणेल ते काढ, तो म्हणेल ते ठेव. एक अक्षर इकडचं तिकडे करू नकोस."

"बरं अण्णा."

आता मला हैबतीबुवांबद्दल सांगितलं पाहिजे. बुवा भजनी. त्यांनी तोंड उघडलं की माणसं हातातलं काम टाकून यायची, हे मी स्वतः पाहिलंय. पण मध्ये त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. बुवा वाचले, आवाज गेला. म्हणजे बोलायचे, पण फाटका घोगरा आवाज यायचा, आणि त्या आवाजाची त्यांना इतकी लाज वाटायची की गाणं सोडाच, ते हाकसुद्धा मारायचे नाहीत.

त्यात घरात सून आली. वृंदा. मुलगी गुणाची, पण ती ऑपरेशननंतर आलेली. कोणीही तिला सांगितलं, तुझे सासरे काय गायचे म्हणून, की ती अदबीने म्हणायची, "हो का." त्या ‘हो का’ने बुवांचं रक्त आटायचं. पोरीचा विश्वास नाही हे त्यांना दिसत होतं, आणि गाऊन दाखवायची सोय नव्हती. उरली होती एक सीडी. कधीकाळच्या सप्ताहात कोणीतरी उतरवून घेतलेली, बुवांच्या ऐन भरातली. यंदाच्या सप्ताहाच्या शेवटच्या संध्याकाळी ती देवळापुढे लावायची, आणि सुनेने ती एकदा ऐकायची. बुवांना आयुष्यात आता एवढंच हवं होतं.

सीडी उपरण्यात गुंडाळून ते दुकानात आले. अण्णा नव्हते. सोपानने पाट मांडला, पाणी दिलं आणि विचारलं, "बुवा, यातलं काय नको?"

बुवा घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मधेमधे लोक खोकतात बघ. पेले वाजतात. कोणाचं तरी पोर रडतंय."

"काढू?"

"नको नको. आपलीच माणसं ती. त्यातली कितीतरी आता राहिली नाहीत. असू दे."

"मग काय काढू?"

आता बुवा पडले जुन्या वळणाचे. त्यांनी कानाच्या पाळीला हात लावला आणि मान खाली घातली. "खरं सांगू का, माझा आवाज तेवढा नकोसा आहे. बाकीच्यांनी सांभाळून घेतलं म्हणून भजन झालं. माझं आपलं वेडंवाकडं."

आपल्याकडे गाणारा असंच म्हणतो. त्यावर समोरच्याने म्हणायचं असतं, "छे छे बुवा, काय बोलता, असा आवाज पंचक्रोशीत नाही." मग बुवा म्हणणार, "कसचं कसचं." मग समोरचा आणखी आग्रह करणार. ही रीत आहे. लहान पोरांनाही ठाऊक असते. बुवा मान खाली घालून वाट बघत बसले.

सोपान म्हणाला, "बरं बुवा."

बुवांना थोडं लागलं. पण गडी भोळा आहे, असं मनाशी म्हणून ते उठून गेले.

कॉम्प्युटरमध्ये गाणाऱ्याचा आवाज वेगळा करून फक्त साथ ठेवायची सोय होती. ऑर्केस्ट्रावाल्यांसाठी अण्णांनी ती मुद्दाम घेतली होती. सोपानने ती लावली. जिथे आवाज थोडा उरला तिथे हाताने पुसला. इतकं निगुतीने काम त्याने जन्मात केलं नव्हतं. अण्णांनी घाईत विचारलं, "बुवांनी सांगितलं तसंच केलंस ना?" सोपान म्हणाला, "अगदी अक्षरन् अक्षर." अण्णांचा जीव भांड्यात पडला.

सप्ताहाची शेवटची संध्याकाळ. मांडव भरलेला. पुढच्या रांगेत वृंदा बसली होती, मांडीवर हात ठेवून. बाजूला बुवा, अंगात नवा सदरा. अण्णांनी भजन लावलं. पेटी वाजली. पखवाज आला. टाळ आले. ठेका धरला गेला, माना डोलल्या, आणि सगळे बुवांच्या आवाजाची वाट बघायला लागले.

कोणीतरी खोकलं. पेले वाजले. "चहा इकडे द्या," कोणीतरी म्हणालं. पोर रडलं. परत टाळ, परत पेटी. आणि सीडीतला कोणी रसिक अगदी मनातून म्हणाला, "वा बुवा, वा."

 वृंदा सासऱ्यांकडे वळली आणि अदबीने म्हणाली, "बाबा, फार शांत गायचात तुम्ही."

बुवांचा चेहरा उतरला. तो मला अजून आठवतो आणि वाईट वाटतं. त्यांनी सोपानला खुणेने बोलावलं. "माझा आवाज कुठाय?"

"तुम्हाला नकोसा होता, बुवा."

"अरे, तसं म्हणायचं असतं."

"म्हणालात ना," सोपान म्हणाला.

अण्णा मूळ सीडी आणायला धावले. पण बुवांनी त्यांचा हात धरला. साथ चालूच होती. पेटी ओळ धरून थांबत होती, पखवाज जागा सोडत होता, आणि त्या जागेत कोणीच येत नव्हतं. हे कुठल्याच बुवाला सोसत नाही. बुवांनी बोटाने माइक दाखवला.

अण्णांचे डोळे भरून आले. त्यांनी माइक बुवांपुढे ठेवला आणि सोपानला बाजूला ओढलं. "आता साफसूफ काही करू नकोस. नुसता या बटणापाशी बस. माइक जुना आहे. खरखर आली की लगेच बटण खाली. दुसरं काही नाही."

"बरं अण्णा," सोपान म्हणाला आणि बटणापाशी जाऊन बसला.

बुवांनी डोळे मिटले आणि ओळ उचलली. आवाज फाटलेला, घोगरा, पण सूर जिथे हवा तिथेच. पुढे बसलेल्या म्हाताऱ्यांनी टाळ घेतले. मागची माणसं उठून पुढे आली. वृंदा ताठ झाली. तिने पदर तोंडाशी नेला आणि शेजारणीला म्हणाली, "अहो, बाबा गातात की." यावेळी तिला ‘हो का’ सुचलं नाही. बुवांनी डोळे उघडले, सुनेचा चेहरा पाहिला, आणि कितीतरी दिवसांनी हात वर करून तान घ्यायला तोंड उघडलं.

आणि बुवांचा आवाज बंद झाला.

तोंड उघडं, हात वर, कर्ण्यातून बुवांचा एक सूर येईना. सगळ्या मांडवाने मान वळवली. सोपान दोन्ही हातांनी बटण खाली दाबून बसला होता, चुकून वर येऊ नये म्हणून. कपाळावर घाम, पण चेहरा प्रसन्न.

"अण्णा," तो म्हणाला, "फार वेळ खरखर होती. पण सगळी काढली बघा."