शंखात कोंडलेला शब्द

एका राज्यात एक दिवस अगदी नेहमीसारखा उजाडला. आमटीत मीठ कमी म्हणून राजा हंसकेतू आचाऱ्यावर चिडला होता, तेवढ्यात नावाडी आला. हात जोडून म्हणाला, "महाराज, नाव उलटली. राणीसाहेब गेल्या."

राजाने राजमांत्रिकाला बोलावले. "या महालात काही सुने दिसता कामा नये. तो शब्दही नको."

मांत्रिकाने 'सुने' हा शब्द सर्वांच्या जिभेवरून उचलला, एका शंखात कोंडला आणि शंख डोंगरावर ठेवला. तेव्हापासून महालातले रांजण उपसले तरी भरत. सांत्वनाला आलेला एक जण उठला, की त्याच्या जागी दोघे बसत. राजाचे रडू मात्र घशातच अडले आणि तो पायांपासून दगड होऊ लागला.

"महाराजांना महाल रिकामा वाटत असेल," प्रधान म्हणाले.

"रिकामा? प्रधानजी, इथे पाय ठेवायला जागा नाही!"

"मग एकाकी वाटत असेल."

"एवढी माणसे समोर बसवून? नीट शब्द सापडत नसेल तर गप्प बसा!"

दगड गुडघ्यांपर्यंत चढला. राजकन्या इंदुलेखा उठून खिडकीशी गेली. तिथे साळुंकी बसली होती.

"डोंगरावरच्या शंखाला त्या शब्दाजोगी वस्तू दाखव," साळुंकी म्हणाली. "तो उघडला तर राजा वाचेल."

"शब्दच आठवत नाही, तर वस्तू कुठली दाखवू?"

"म्हणून तर तीन वेळा संधी आहे."

इंदुलेखाने वाटेवरची कोरडी घागर नेली. शंख म्हणाला, "ही रिकामी. पाणी घाल, भरेल."

मग तिने माळावरच्या जोग्याला नेले. शंख म्हणाला, "हा एकटा. मजेत आहे."

"हेच मी वाटभर सांगत होतो," जोगी म्हणाला आणि परत फिरला.

इंदुलेखा वैतागली. "आता काय आणू? घरी माणसांची जत्रा आहे. पंगती उठतात, दिवे लागतात. दारात पाऊल वाजले की बाबा मान वळवतात आणि पुन्हा खाली घालतात. कोणीही आले तरी ती मान तशीच खाली जाते. हे उचलून कसे आणायचे?"

शंख उघडला.

ती परतली तेव्हा दगड राजाच्या छातीला टेकला होता. तिने शंख त्याच्या कानाशी धरला.

"घर सुने झाले गं, इंदू," राजा म्हणाला आणि रडू लागला. रडता रडता त्याचे पाय मऊ झाले. रांजण भरायचे थांबले. पाहुणे आपापल्या चपला शोधू लागले.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. दूर गावी राहणाऱ्या राणीच्या म्हाताऱ्या आईला मात्र लेक गेल्याचे अजून कोणी कळवले नव्हते.