ढगबाईला हाकललं त्याची गोष्ट

एकदा काय झालं, पाणवड नावाच्या शहरात पाऊस थांबायचंच विसरला. बारा महिने आपला पडतोय. मिठाचं पाणी झालं. उशांना बुरशी आली. देवळातल्या घंटेवर शेवाळ चढलं. मग लोक काय करायचे, पाऊस घेऊन फिरणाऱ्या ढगबाया दारात आल्या की भांडी पालथी घालायचे, सूप बडवायचे आणि म्हणायचे, "जा बाई, पुढच्या गावाला." त्या जायच्या का? छे. पण आजोबा बडवायचे म्हणून बाबा बडवायचे. कशाला, ते विचारायचं नाही, बरं का. विचारलं की मोठी माणसं म्हणतात, तुला काय कळतं.

मग एक दिवस डोंगरच खाली सरकला आणि शहर चिखलात बसलं. सगळे निघाले. चालत चालत थेट वाळवंटातल्या तापनगरात पोचले. तिथे ऊन एवढं, की सावलीसुद्धा भिंतीला चिकटून बसायची.

तिथली राणी म्हणाली, राहा. पण इथे ढगबाई वर्षातून एकदाच येते, दारोदार फिरते. हे एक टाकं तुमचं, ते तिने भरलं तर राहा. नाही भरलं तर परत जा, आमचं पाणी सगळ्यांना पुरायचं नाही.

या लोकांचा म्होरक्या होता दाजीबा. त्याची नात तानू. तानूचा धाकटा भाऊ, बाळ, पाणवडच्या ओलीत सारखा खोकायचा. इथल्या कोरड्या हवेत पहिल्यांदा गाढ झोपला. तानूला परत जायचंच नव्हतं.

आणि दाजीबाने काय करावं? आधी टाक्यावर उतरतं छप्पर घातलं, पाणी बाहेर पडायला. तानू म्हणाली, आजोबा, इथे पाणी आत हवंय. गप्प बस, म्हणाला. मग दारापुढे चर खणला, पाणी वाहून जायला. तानू पुन्हा बोलली. पुन्हा गप्प बस. मग भर दुपारी ढगबाई आली, दमलेली, कडेवर घागर घेऊन. आणि या शहाण्याने भांडी पालथी घातली, सूप घेतलं आणि बडवलं. तो बडवतोय म्हणून सगळ्या थोरांनी बडवलं. एवढी मोठी माणसं, आणि एकाच्याही डोक्यात येऊ नये?

ढगबाई वळली आणि चालू लागली.

मग तानूने पाणवडहून आणलेली गोधडी उचलली. वाळली तरी तिचा कुबट वास गेला नव्हता. छपरावर चढून तिने ती जोरजोरात झटकली. ढगबाई थबकली. म्हणाली, "हा तर माझ्या माहेरचा वास. पण ज्याने हाकललं, त्यानेच बोलवावं."

दाजीबा म्हणाला, आमच्यात असंच करतात. ढगबाई चार पावलं लांब गेली. मग म्हणाला, सगळेच बडवत होते, मी एकटा नव्हतो. ती आणखी लांब गेली. मग म्हणाला, नातीसमोर मी खाली बघायचं का? आता तिचा नुसता पदर दिसत होता.

तोवर पोरांनी चर बुजवला, छप्पर ओढून काढलं. तानू दाजीबापुढे उभी राहिली.

"आजोबा, बाळ पुन्हा खोकायला लागलं तर तुमचं सूप त्याला झोपवणार आहे का?"

दाजीबाने बाळाकडे बघितलं. मग सूप खाली ठेवलं. वाकून स्वतःच्या हाताने हंडा सरळ केला.

"ये बाई. बस," म्हणाला. हळूच म्हणाला, पण म्हणाला.

मग ढगबाई आली, ऐसपैस बसली आणि टाकं काठोकाठ भरलं.

दाजीबा पुढे सगळ्यांना सांगत फिरला, ढगबाईला मीच बोलावलं. सांगेना का. बाळ खोकत नाही, तानूला ते पुरे. सगळी तिथे सुखाने राहिली, सूप आता फक्त धान्य पाखडायला घेतात. चला, मिटा डोळे. आणि कोणी उगाच सूप बडवताना दिसलं तर विचारा, कशाला म्हणून. पण सकाळी.