अंबुलीची फिर्याद

एका राज्यात एक नदी होती आणि तिचे पाणी दगडाचे होते. घागर बुडवायला जावे तर घागरच फुटे. राजधानीचे लोक तीन डोंगर ओलांडून बैलांवर पाणी आणत आणि घोट घोट वाटून पीत.

हे कसे झाले ते ऐका. चार वर्षांपूर्वी मोठा पूर आला होता. राजधानी वाचवायची तर बांधाचे दार उघडणे भाग होते. खालच्या खोऱ्यातल्या लोकांनी वेळेत निघून जावे म्हणून राजा मेघध्वजाने आधी धोक्याची घंटा वाजवली. घंटेने डोंगर दणाणला. पण खोऱ्यात राहत होती ती सारी जन्मापासून न ऐकणारी माणसे. हातांनी बोलत, हातांनी भांडत, हातांनीच लेकरांना निजवत. त्यांतले चाळीस जण वाहून गेले. तेव्हा खोऱ्यातल्या मांत्रिकाने हातांनीच शाप घातला. आमचे म्हणणे राजापर्यंत आणि राजाचे आमच्यापर्यंत जसेच्या तसे पोचत नाही, तोवर नदी दगड. मध्ये उभा राहून जो शब्द बदलील, तोही दगड.

तीन दुभाषे उभे राहिले आणि तिघेही दगड झाले. तिसरा होता सोमदत्त, हेमकळा नावाच्या मुलीचा बाप. जन्मभर दरबारात वावरलेला माणूस, जिभेला गोडव्याची सवय. खोऱ्याच्या संतापाला त्याने पुढे ‘महाराजांच्या कृपेने’ एवढे जोडले आणि उघड्या तोंडानेच थिजला.

हेमकळा रोज जाऊन त्याच्या तोंडावरची धूळ पुसत असे. एके दिवशी तिला बापाच्या खांद्यावर तडा दिसला. दुसऱ्या दिवशी तो मुगाएवढा वाढला होता आणि मानेकडे सरकत होता. मान तुटली, तर शाप सुटूनही बाप उठायचा नाही. त्याच पावली ती खोऱ्यात गेली आणि अंबुलीच्या दारात उभी राहिली. अंबुलीचा एकुलता एक मुलगा पुरात गेला होता, आणि फिर्याद घेऊन दरबारात तीच जाणार होती. मला तुमची भाषा शिकवा, असे हेमकळेने कसेबसे खुणांनी विनवले. अंबुलीने तीन कामगिऱ्या सांगितल्या.

पहिली कामगिरी म्हणजे तीन महिने तोंडातून शब्द काढायचा नाही आणि बाजारात बसून माणसे वाचायची. हेमकळा डोळे दुखेपर्यंत बोटांकडे पाही आणि तिला अर्धेच कळे. शेजारणीने जेवलीस का विचारले, तर हिला वाटले, तू जेवलीस म्हणते आहे. होय म्हणून मान डोलावून बिचारी उपाशी निजली. सकाळी अंबुलीने तिची हनुवटी धरून वर केली.

“बोटे अर्धे सांगतात. उरलेले भुवया सांगतात. तोंडाकडे बघ.”

दुसरी कामगिरी मांत्रिकाच्या पोपटाची. पोपट माणसासारखा बोले, पण तोंडाचा भारी फाटका. अंबुली आणि तो गप्पा मारणार, मध्ये हेमकळा. पोपट म्हणाला, “या थेरडीला विचार, अजून मेली कशी नाही.” हेमकळेचे हात अडले. गुरूला असे कसे बोलावे? तिने हातांनी प्रकृती विचारली, आणि तिची करंगळी पेरापर्यंत दगड झाली.

अंबुलीने आधी करंगळी पाहिली, मग पोपट पाहिला.

“ती शिवी माझी होती. तू का ठेवून घेतलीस?”

मग तिने पोपटाचा असा उद्धार केला की ते सारे तोंडाने बोलून दाखवताना हेमकळेचे कान लाल झाले. पोपटाची दोन पिसे गळाली. पण हेमकळेच्या मनातली भीती काही गळाली नाही. तडा आता बापाच्या गळ्याला टेकला होता.

तिसरी कामगिरी दरबाराची. हेमकळा राजाशेजारी अंबुलीला दिसेल अशी उभी राहिली. पाठीशी दगडाचा बाप होता. अंबुलीचे हात उठले आणि हेमकळेच्या तोंडून शब्द निघाले.

“मी अंबुली. माझा मुलगा तू मारलास. घंटा वाजवलीस आणि हात झटकलेस.”

प्रधानाचा हात तलवारीवर गेला. हेमकळेने एक अक्षर गाळले नाही. उरलेली बोटे ऊबदारच राहिली. सुटले, असे तिला वाटले. वेडी पोर! राजाला सुनावणे अवघड, एवढेच तिला ठाऊक होते.

 राजा खाली बघून म्हणाला, “मला ठाऊक होते. तिथे घंटा ऐकू जाणार नाही हे ठाऊक होते. घोडेस्वार पाठवता आला असता. दार उघडायला उशीर होईल म्हणून मी पाठवला नाही.”

अंबुली चार वर्षे एकाच समजुतीवर जगली होती की राजाला आपली आठवणच राहिली नसेल. हेमकळेला ते माहीत होते. ‘विसरलो’ असे सांगितले तर? एकच शब्द, आणि म्हातारीची झोप तरी राहील. तिचे मनगट गार पडू लागले. समोर अंबुली वाट पाहत होती.

हेमकळेने चेहऱ्यावरची कीव पुसली, नजर राजासारखी खाली घातली आणि हातांनी सगळे सांगितले. मला ठाऊक होते, इथपासून मी पाठवला नाही, इथपर्यंत.

अंबुलीचे हात लोंबत राहिले. मग तिने मान वळवून थेट राजाकडे पाहिले. राजा सिंहासनावरून उतरून तिच्यासमोर येऊन उभा राहिला. बाहेर पाण्याचा आवाज झाला आणि लोक घागरी घेऊन धावत सुटले. मागे कोणीतरी खोकले. सोमदत्त मान चोळत पाणी मागत होता. दुसरे दोघे दुभाषेही हातपाय झाडू लागले, आणि हेमकळेची करंगळी पुन्हा वळू लागली.

अंबुलीने राजाला क्षमा केली नाही. तिने अटी घातल्या, हेमकळेने त्या सांगितल्या, राजाने त्या मान्य केल्या. घंटा उतरली. डोंगराडोंगरावर दिवसा निशाण आणि रात्री जाळ अशी रीत लागली, आणि दार उघडण्याआधी खोऱ्यात घोडेस्वार जाऊ लागला.

अंबुली निघाली, तशी हेमकळा तिच्यामागे वेशीपर्यंत धावली. पुढे होऊन रडत रडत तिने हातांनी विचारले, “माय, तुला एवढे दुखवले. माझ्यावर रागावलीस का?”

अंबुलीला प्रश्नच कळेना.

“तुझ्यावर कशाला? बोलला तर राजा.”

त्या राज्याला पाणी मिळाले, तसे ऐकणाऱ्यांना मिळो, पाहणाऱ्यांनाही मिळो.