हाकेच्या देवाची घंटा

एका राज्यात बाळं जन्माला येत, पण रडत नसत. तोंड उघडत, मुठी आवळत, डोळ्यांतून पाणी काढत; आवाज मात्र फुटत नसे. नवव्या दिवशी ती निळी पडत, अकराव्या दिवशी डोळे मिटत, बाराव्या दिवशी मध्यान्हीला श्वास थांबे, आणि त्या दिवसाचं बारसं कुणाच्याच नशिबी नसे. बारा वर्षांत त्या राज्यात एकही पाळणा टांगला गेला नव्हता. न रडलेली बाळं लोक तळ्यात सोडत आणि मागे न बघता घरी येत.

कारण त्या राज्यातली हाक मेली होती. समोरासमोर बसलं तर बोलणं ऐकू येई. भांडण करा, गूळ उसना मागा, सुनेच्या कागाळ्या सांगा, सगळं चाले. पण दुरून कुणी कुणाला हाक मारायला गेलं, की ओठ हलत आणि हाक कुठल्या कुठे जाई. कावळा चोच उघडी, काव येत नसे. वासरू मान वर करी, गाय वळून बघत नसे. विहिरीच्या काठाकडे लेकरू पळालं, तर आई धावत सुटे. ‘अरे थांब’ म्हणायची सोयच नव्हती.

त्या नगरात सगुणा नावाची ओतारीण होती. नवरा वारल्यापासून घंटा, समया, पितळी ओतण्याचं काम तीच करी. बाई हाताची कसबी, तोंडाची मोकळी. कुणाच्या घरी काय शिजलं, कुणाची लेक कुणावर रुसली, कुणाच्या सासूचे गुडघे दुखतात, सगळं तिला ठाऊक. लोक म्हणत, “सगुणाला विचारा, तुमच्या घरातलं तुम्हालाच कळेल.” तर अशा सगुणेची एकुलती लेक कावेरी बाळंत झाली. मुलगा झाला. आणि तोही रडला नाही.

आठव्या दिवशी, भर दुपारी, पाखरूही हलत नाही अशा वेळी, अंगणातल्या कण्हेरीवर एक भारद्वाज येऊन बसला. डोळे लालभडक, पंख विटकरी. सगुणा दारात बाळाला मांडीवर घेऊन बसली होती.

भारद्वाज म्हणाला, “सगुणे, नातू हवा का?”

“हा काय प्रश्न झाला, बाबा? आजीला विचारतोस?”

“तर तीन कामं कर. राजाच्या कोठारातलं सात विटा सोनं आण. तळ्याच्या बुडातली मुकी घंटा वर काढ. आणि तळ्यातल्या खडकावर, हाकेच्या देवासमोर, दोन्ही मिळून नवी घंटा ओत. बाराव्या दिवशी मध्यान्हीला ती वाजली तर हाक परतेल. पण काही मागे ठेवलंस तर वाजणार नाही.”

“मी काय मागे ठेवणार? माझ्यापाशी आहे काय!”

पाखराने शेपटी झटकली. मग उडालं.

दुसऱ्या दिवशी सगुणा राजवाड्यात गेली. राजा धवलकेतू सिंहासनावर बसला होता, पण बसल्यासारखा दिसत नव्हता. कुणीतरी आणून ठेवल्यासारखा दिसत होता. सोन्याचं नाव काढताच त्याने मान खाली घातली.

“सगुणे, ते सोनं मी देवाला बोललो होतो. बारा वर्षांपूर्वी घंटा ओतायची ठरली. घरटी एक भांडं प्रजेने दिलं. राजाने सात विटा सोनं द्यायचं. पण त्या वेळी काळभुज मांत्रिक आला. म्हणाला, पितळेला झळाळी मी आणतो, सोनं राहू दे, देवाला काय कळतंय? मला ते पटलं. घंटा टांगली, पहिला टोला दिला, आवाज आला नाही. साखळी तुटली आणि घंटा तळ्यात गेली. हाक त्याच दिवशी गेली.”

“मग सोनं नंतर तरी का नाही दिलंत, महाराज?”

“ते आणायला कोठारात सात प्रधान पाठवले. सातही तिथेच उभे आहेत.”

“देवाला बोललेलं घरात ठेवलं, की ते घरचंही होत नाही आणि देवाचंही राहत नाही,” सगुणा म्हणाली. राजापुढे हे बोलायची तिला भीती वाटायला हवी होती, पण मांडीवरलं निळसर बाळ आठवलं की बाईला राजा तो काय!

कोठार जमिनीखाली होतं. पायऱ्या उतरताच सगुणेच्या अंगावर काटा आला. बारा वर्षांत जे ऐकलं नव्हतं ते तिथे ऐकू येत होतं. हाका. “अगं ए तारा…” “बाबा, थांबा ना…” “हंबा…” राज्यातली प्रत्येक हाक त्या सात विटांत जाऊन साठली होती, आणि विटा मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या गुणगुणत होत्या. त्यांच्या मधोमध काळभुज बसला होता. वय शंभरावर, चेहरा वीस वर्षांचा. एक एक वीट तो कानाला लावी आणि हाक ओढून घेई, नळीचं हाड चोखावं तशी. भिंतीलगत सात प्रधान उभे होते, दगडाचे, ओठ ‘ओ’ म्हटल्यासारखे गोल.

सगुणा समजली. तिच्या सासूने तिला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी शिकवलं होतं: कोण बोलावतंय ते दिसत नसेल, तर ओ देऊ नये.

काळभुज हसला. “ने ना सोनं. मी कुठे अडवतोय? फक्त ऐकून जा.”

विटेतून आवाज आला, “सगुणा… भाता कुठे ठेवलास गं?”

तिच्या नवऱ्याचा आवाज. रोज सकाळी हेच विचारायचा. भाता त्याच्या पायाशीच असायचा. सगुणेने पहिली वीट टोपलीत टाकली.

“सगुणा, हात भाजला. पाणी आण.”

हे तर शेवटच्या दुखण्यातलं. तेव्हा त्याने हाक मारली होती आणि ती परसात होती; तिला ऐकू आली नव्हती. आज आली. तिने ओठ दातांत धरले, रक्त आलं, पण ओ दिली नाही. टोपलीत सहा विटा झाल्या.

“सगुणा,” आवाज अगदी हळू झाला, “मी एकटाच आहे इथे.”

ती सातवी वीट घेऊन पायऱ्या चढली. वर उन्हात आल्यावर मात्र तिथेच धुळीत बसली आणि पोटभर रडली. मागून काळभुज ओरडला, “परत येशील!” पण विटा गेल्या होत्या, आणि त्याच्या कपाळावर पहिली सुरकुती पडली होती.

दहाव्या दिवशी दुपारी ती तळ्यावर आली. पाणी हलत नव्हतं. खडकाच्या वाटेवर गुडघाभर पाणी होतं. तिने टोपली डोक्यावर घेतली आणि पाय टाकला. चार पावलांवर कुणीतरी तिचं लुगडं धरलं.

खाली बघते तर बाळं. बारा वर्षांतली सगळी. पाण्याखाली उभी, पांढुरकी, डोळे उघडे. एकाने पदर धरला, दुसऱ्याने निऱ्या. सोडीनात. ओरडत नव्हती, ओढतही नव्हती. नुसती धरून होती.

कण्हेरीवरला भारद्वाज आता खडकावर होता. तो म्हणाला, “त्यांना नावं नाहीत. नाव नसलेल्याला जाता येत नाही.”

आता दुसरी कुणी असती तर घाबरून बुडाली असती. पण ही सगुणा! तिने कमरेवर हात ठेवला आणि पहिल्या पोराकडे निरखून पाहिलं.

“तू शेवंता कोष्टिणीचा ना? कपाळ बघ, आजोबांचं उचलून लावलंय. अरे, कान कर इकडे.” ती वाकली, त्याच्या गार कानाशी तोंड नेलं आणि बारशाला आत्या म्हणते तसं म्हणाली, “कुर्रर्र! रायाजी.”

आणि बारशाला आत्या नाव सांगते तेव्हा पोरंसोरं तिच्या पाठीत धपाटे घालतात ना, तसे सगुणेच्या पाठीत धपाटे पडले. बर्फासारख्या गार, इवल्या इवल्या मुठींचे. रायाजी हसला, बुडबुडा झाला, वर गेला आणि फुटला.

“तू घिसाड्याच्या म्हाळूची. भुवया बघ, म्हाळूच! कुर्रर्र, सोनसळा.” धपाटे. बुडबुडा. “तुम्ही दोघी जुळ्या. तुमच्या आईला मीच तूप दिलं होतं. वाटी अजून आली नाही, असो. कुर्रर्र, यमाई. कुर्रर्र, लिंबाई.”

सूर्य कलेपर्यंत ती नावं ठेवत राहिली. एकही चेहरा तिला परका वाटला नाही. पाठ काळीनिळी झाली. शेवटचं बाळ जाण्याआधी बुडी मारून गेलं आणि त्याने तळाची घंटा दोन्ही हातांनी वर ढकलून दिली. घंटा कासवासारखी तरंगत खडकाला लागली.

अकराव्या दिवशी सगुणेने खडकावर भट्टी रचली. मेणाची घंटा घडवली, वर माती चढवली. भारद्वाजाने पंखांनी वारा घातला, तो साचा घटकेत वाळला. बाराव्या दिवशी सकाळी तिने जुनी घंटा फोडली, तुकडे आणि विटा मुशीत टाकल्या आणि भाता मारायला बसली. विटा वितळताना आतल्या हाका कण्हत होत्या.

आणि इथे सगुणेच्या हाताने एक काम केलं, जे तिच्या मनाला कळलंही नाही. ओताऱ्यांची रीतच आहे ती. भांडं कुणाचंही असो, मुशीत टाकण्याआधी त्यातला चिमूटभर तुकडा काढून ठेवायचा. चोरी नव्हे ती. गिऱ्हाइकालाही ठाऊक असतं. ती चिमूट पुढच्या कामात टाकायची, म्हणजे घरची भट्टी विझत नाही. सगुणेने तुकडा काढला आणि पदराच्या गाठीला बांधला.

रस उकळला. लाल झाला, पिवळा झाला, पण पांढरा होईना. मध्यान्ह जवळ आली. रसावर साय धरल्यासारखी काळी कातडी धरू लागली.

“सगुणे,” भारद्वाज म्हणाला, “सगळं दिलंस?”

“दिलं की! पाठसुद्धा दिली.”

“पदराला काय आहे?”

तिने चाचपलं. गाठ हाताला लागली. ती ओशाळली. “अगं बाई! अरे, सवय रे. घरची भट्टी पुन्हा पेटवायला ठेवतात.”

“म्हणजे तुला घरी जायचं आहे.”

“मग? नातवाला मांडीवर नको घ्यायला?”

भारद्वाज खडकावर उतरला. पहिल्यांदाच त्याचा आवाज मऊ झाला. “ही घंटा दिवसातून तीनदा वाजली पाहिजे. ज्याने ओतली त्याच्याच हाताने. खडकावर एका माणसाचीच जागा आहे. पाणी आज चढेल, मग उतरणार नाही. तुला कुणी बांधलेलं नाही. आत्ता वाट आहे, जाते म्हणशील तर जा. देव रागवत नाही. फक्त घंटा वाजणार नाही.”

“एकदा जाऊन येते,” सगुणा म्हणाली. “एकदाच. टाळूला तेल घालते नि येते.”

पाखराने चोच पाण्याकडे वळवली.

पलीकडच्या काठावर कावेरी उभी होती. हातांत बाळ. ती हात हलवत होती, तोंड उघडून ओरडत होती, मानेच्या शिरा ताणल्या होत्या. आणि पाण्यावरून काहीच येत नव्हतं. दुपट्यातून एक इवला पाय लोंबत होता. निळा.

सगुणेने खडकावरच्या देवळाच्या गाभाऱ्याकडे पाहिलं. आत देव म्हणजे एक काळा गोटा, त्याला डोळे नाहीत, तोंड नाही. हाकेच्या देवाला नुसता एक कान कोरलेला होता.

“राजाने सोनं राखलं,” ती त्या कानाला म्हणाली, “त्याला मी बोल लावला. माझं सोनं तिकडे काठावर उभं आहे. राखावंसं वाटतं, देवा. खोटं कशाला बोलू. पण अर्ध्या मनाने दिलेलं तुला पोचत नाही, हे बारा वर्षं बघतेय मी. घे. उरलेलं सगळं घे. मलाही घे.”

तिने गाठ सोडली. चिमूट मुशीत टाकली. रस दुधासारखा पांढरा झाला.

पाणी चढू लागलं. वाट बुडाली. सगुणेने मागे न बघता मूस उचलली, साच्यात रस ओतला, साचा फोडला, घंटा टांगली. सूर्य डोक्यावर आला. तिने टोला दिला.

त्या आवाजाचं वर्णन कुणाला करता आलं नाही. म्हणतात, प्रत्येकाला वाटलं, आपल्यालाच कुणीतरी नाव घेऊन बोलावलं. कोठारात काळभुज उठून उभा राहिला. बारा वर्षांत गिळलेल्या हाका त्याच्या तोंडातून, कानांतून, बोटांच्या टोकांतून एकदम बाहेर पडल्या, आणि तो रिकामी गोणी पडावी तसा पडला. सात प्रधान ‘ओ’ म्हणून हलले. कावळे ओरडले, गाई हंबरल्या. आणि तळ्याच्या काठावर कावेरीच्या हातातलं बाळ लाल झालं आणि रडलं. असं रडलं, असं रडलं, की पलीकडच्या गावचे धोबी कपडे टाकून बघायला आले.

मग पाण्यावरून हाक आली. “आई! ए आई! ये ना गं!”

सगुणेचे दोन्ही हात दोरीला होते. तिने दुसरा टोला दिला. मग तिसरा. दोर ओला झाला, पण हातातून सुटला नाही.

राजा धवलकेतू अनवाणी तळ्यावर आला आणि साऱ्या प्रजेसमोर त्याने आपली चूक मोठ्याने सांगितली; आता मोठ्याने बोललेलं ऐकू जात होतं. त्या दिवसापासून त्याच्या राज्यात बोललेलं पाळण्याची रीत पडली. घरोघर पाळणे टांगले गेले. कावेरीच्या मुलाचं बारसं तळ्याच्या काठावर झालं. आत्याने कानात नाव सांगितलं, आणि सगळं नगर तेच नाव खडकाकडे तोंड करून ओरडलं: “भानजी!”

खडकावरून घंटेचा एक टोला आला. वेळ नसताना दिलेला, एकच. देवाने तेवढा चालवून घेतला म्हणतात.

भानजी मोठा झाला. तो रोज काठावर येऊन आजीला घरातल्या गोष्टी ओरडून सांगे, आणि आजी तिथून विचारी, “शेवंताकडे आज काय शिजलं?”

देवाचं देवाला पोचलं, माणसाची हाक माणसाला मिळाली. ज्याने दिलं त्याचं काय गेलं, हे त्याचं तोच जाणे.