भर दुपारचं घर

एक होता माळ. त्याला राजा नव्हता, राणी नव्हती, नुसतं आपलं कुसळ आणि दगड. खाली गाव, वर डोंगर, आणि मधे हा उघडा पडलेला. गावातली घरं पाठीला पाठ लावून दाटीनं बसलेली, पण या माळावर कधी कुणी खुंटी ठोकली नव्हती. का, ते कुणी सांगायचं नाही. मुलांनी विचारलं तर मोठी माणसं म्हणायची, जेवा गुपचूप.

तर या माळावर एक मेंढपाळ आला. त्याचं नाव सिदू, आणि त्याच्या बायकोचं नाव ठकू. मेंढरांमागं हिंडणारी ती माणसं. आज या रानात पाल ठोकायचं, उद्या त्या रानात. ठकूचा जन्म पालात झाला, लग्न पालात झालं. आणि आता तिला दिवस गेले होते, बरं का. मग ती सिदूला म्हणाली, बाळ मात्र मी भिंतीच्या आत जन्माला घालणार. लावून घेता येईल असं दार पाहिजे मला.

सिदूनं गावच्या पाटलाला जागा मागितली. पाटलानं माळाकडं बोट दाखवलं आणि लगेच पाठ फिरवली. ठकूला तेव्हाच जरा चमत्कारिक वाटलं. पण जागा मिळाली या आनंदात तिनं ते मनावर घेतलं नाही.

मग काय, घर बांधायला लागली दोघं. आता घर बांधणं म्हणजे काय सोपं असतं होय? दगड डोंगरातून आणायचा, पाणी ओढ्यातून. पाया खणायला घेतला तर खाली कातळ लागला. माती कालवून ठेवली तर अवेळी पाऊस आला आणि सगळी ओढ्याला घेऊन गेला. धोंडिबा नावाचा एक गवंडी मिळाला, तो आज यायचा आणि उद्या यायचा नाही. आणि जो वाटेनं जाईल तो थांबून शहाणपण शिकवायचा. कुणी म्हणे दार इकडं करा, कुणी म्हणे तिकडं करा. ठकू सगळ्यांना हो म्हणायची आणि आपला चिखल तुडवत राहायची. हातांना भेगा पडल्या, कंबर मोडून आली. पण घोट्याएवढी भिंत उभी राहिली तेव्हा ती त्या भिंतीच्या आत नुसतीच जाऊन बसली. वारा तेवढ्यानंसुद्धा थोडा अडला, असं वाटलं तिला.

एका दुपारी काय झालं, सिदू मेंढरं घेऊन डोंगराकडं गेला होता. धोंडिबा भाकरी खायला ओढ्यावर गेला होता. ऊन असं की दगडावर हात ठेववत नव्हता. सूर्य अगदी डोक्यावर. अशा वेळी सावली कशी असते? पायाशी गोळा होऊन बसते, हो की नाही? तर ठकू चिखल तुडवता तुडवता थांबली. तिचे पाय एकदम गार पडले होते.

तिनं खाली पाहिलं. जमिनीवर सावली पडली होती. लांबरुंद, काळीभोर. ढग असेल म्हणून तिनं वर पाहिलं, तर आभाळ निरभ्र. मग तिनं नीट पाहिलं. ती सावली घराची होती. वर छपराचा उतार, बाजूला भिंती, पुढं दाराची चौकट. भिंत तर घोट्याएवढीच होती, मग हे अख्खं घर कुठलं? मागं राहिलेली एक मेंढी सावलीच्या कडेला येऊन उभी राहिली होती. पुढं पाऊल टाकेना. नुसती थरथरत होती.

मग सूर्य जरासा कलला आणि सावली जमिनीत जिरून गेली. पाणी जिरावं तशी.

ठकूनं हे सिदूला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं पाल गुंडाळलं असतं, आणि ते तिला नको होतं.

मग पुन्हा एका दुपारी, भिंत गुडघ्याएवढी झाली तेव्हा, ती सावली परत आली. या वेळी घरात कुणीतरी होतं. बाईची सावली. डोक्यावर पदर, हातात केरसुणी. ती वाकून घर झाडत होती. बाई दिसत नव्हती बरं का, नुसती तिची सावली जमिनीवरून सरकत होती. आणि केरसुणीचा आवाज मात्र येत होता. खर्र, खर्र. धोंडिबानंही तो ऐकला. त्यानं वर पाहिलं नाही, खाली पाहिलं नाही, काही विचारलं नाही. थापी उचलली, ओळंबा गुंडाळला आणि गावाकडं चालू लागला. दुसऱ्या दिवशी त्याचा निरोप आला की पाठ धरली आहे, आता काही येणं व्हायचं नाही.

मग नवराबायको दोघंच भिंत चढवू लागली. भिंत कमरेएवढी झाली. ठकूला आता दिवस भरत आले होते. आणि मग तिसऱ्यांदा ते घर उमटलं. आता त्या बाईनं आढ्याला पाळणा बांधला होता. ती बसून दोरी ओढत होती. पाळण्याची सावली इकडून तिकडं जायची, तिकडून इकडं यायची. पाळणा रिकामा होता. रिकामा पाळणा कसा हलका हलतो, तसा हलत होता.

नेमका त्याच वेळी सिदू आला. उन्हानं करपलेला, दमलेला. त्याला काय दिसलं? नुसती गार सावली. ठकू ओरडली, "तिथं नको, इकडं या." पण तोवर तो आत जाऊन आडवा झाला होता.

ठकू धावली. त्याचे दोन्ही पाय धरून तिनं त्याला ओढत उन्हात आणलं. सिदूचे डोळे उघडे होते, श्वास चालू होता, पण तो बोलेना. हात लावला तर अंग ओढ्यातल्या दगडासारखं गार. आणि भर उन्हात पडलेल्या त्या माणसाला सावलीच नव्हती. कडेला सुद्धा नाही, बोटाएवढी सुद्धा नाही. ठकूनं मागं पाहिलं. सावलीच्या घरात भिंतीला टेकून एक पुरुष बसला होता. डोक्याला मुंडासं. आणि ती बाई त्याच्यासमोर ताट वाढत होती.

मग सूर्य कलला. घर गेलं, बाई गेली, आणि सिदूची सावलीही त्यांच्याबरोबर गेली.

ठकू रडली का? रडली ना. पण रडत बसली नाही. सिदूवर घोंगडं घालून ती गावात गेली. गावाच्या कडेला गिरजामावशी नावाची म्हातारी राहायची, गावात दुसरं कुणी नाही, तरी ती ठकूशी बोलायची. ठकूनं तिला सगळं सांगितलं. म्हातारीनं तिला जवळ बसवून घेतलं. मग म्हणाली की आपल्या आजीच्या लहानपणी असंच एक जोडपं त्या माळावर घर बांधत होतं. भिंती कमरेएवढ्या झाल्या आणि नवरा आढ्याचं लाकूड आणायला म्हणून गेला, तो आलाच नाही. मेला की पळाला, कुणाला कळलं नाही. बायको मात्र त्या अर्ध्या भिंतींत राहिली. वर आभाळ, पण रोज झाडायची, सारवायची, चूल पेटवायची. एका पावसाळ्यात भिंती विरघळल्या. मग कधीतरी ती पण दिसेनाशी झाली.

ठकूनं विचारलं, "तिच्याकडं गावातलं कुणी गेलं न्हाई?"

"कसं जानार?" म्हातारी म्हणाली. "दारच नव्हतं ना तिला. दार न्हाई त्या घरात बोलावल्याबिगर कोन जातंय?"

ठकू परत आली. सिदूच्या उशाशी बसून राहिली. त्याचा श्वास आता तासातासाला बारीक होत चालला होता. आणि तिच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. आपण या जागेवर कुदळ मारली, खुंटी मारली, चिखल तुडवला. पाटलाला विचारलं. पण जिचं घर होतं तिला कुठं विचारलं?

सकाळी ती ओढ्यावर जाऊन न्हाली. वेणी घातली, ठसठशीत कुंकू लावलं. कुणाच्या घरी जाताना हात हलवत जाऊ नये, म्हणून गुळाचा खडा पदरात बांधला. आणि सूर्य डोक्यावर आला तशी माळावर जाऊन उभी राहिली. सावली उमटली. चौकट उमटली. ठकू चौकटीच्या बाहेरच थांबली आणि म्हणाली,

"बाई, घरात हायस का? मी ठकू. आत येऊ का?"

केरसुणी थांबली. मग मडक्याच्या तोंडावरून वारा जावा तसा आवाज आला.

"इतक्या वर्सांत कुनी इचारलं न्हाई. ये."

ठकू आत गेली. बाहेर लखलखीत ऊन आणि आत तिन्हीसांजेसारखा काळोख. पायाखाली कुसळ असायला हवं होतं, पण पायाला लागली सारवलेली, गुळगुळीत भुई. बाईच्या सावलीनं पाट मांडला, ठकू बसली. तिनं तांब्या पुढं केला, ठकू प्याली. घसा गार झाला, पण ओला झाला नाही. ठकूनं गूळ दिला. ती सावली कितीतरी वेळ तो गूळ हातात धरून बसली. हाताच्या अंतरावर सिदूची सावली भिंतीला टेकलेली होती, बरं का. पण ठकूनं तिकडं मान वळवली नाही. पाहुणी बोलते तसंच बोलली. सारवण किती छान झालंय म्हणाली. माहेर कुठलं, विचारलं. त्या बाईनं माहेरचं नाव सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज थोडा माणसासारखा झाला.

मग ऊन कलायला आलं. ठकू उठली. म्हणाली, "निघते मी."

आता सांगा, दिवस भरलेली बाई घरी आली तर तिला तशीच पाठवतात का? ओटी भरतात ना? ती बाई लगबगीनं उठली. मडकी पाहिली, सूप पाहिलं, कोनाडा पाहिला. आणि तशीच उभी राहिली.

"माझ्या घरात दाना न्हाई गं."

"मग जे असंल ते घाल," ठकू म्हणाली, आणि तिनं पदर पसरला.

"एकच हाय." तिनं भिंतीकडं पाहिलं. "त्यो गेला की घर रिकामं."

ठकूनं पदर तसाच पसरून धरला. ती म्हणाली, "रिकामं ऱ्हानार न्हाई. मी बांधतेच हाय. तुझ्याच मापानं बांधते, तुझ्या भिंतीवर भिंत. आढं घालते, दार लावते. पर मानसं माझी. त्यांना हात लावायचा न्हाई. भर दुपारची येळ तेवढी तुझी. तवा आमी कुनी आत थांबनार न्हाई."

बाहेरचं ऊन पिवळं व्हायला लागलं. छपराची कड विरायला लागली. ठकूला वाटलं, गेलं आता सगळं. आणि तेवढ्यात तिच्या पदरात काहीतरी पडलं. भिजलेल्या घोंगड्यासारखं जड, गारेगार.

ठकूनं पदर आवळला आणि चालू लागली. मागून आवाज आला, "पुन्ना येशील ना?" ती हो म्हणाली, पण मागं पाहिलं नाही. थेट सिदूपाशी आली आणि पदर त्याच्या अंगावर रिकामा केला. सिदूनं कूस बदलली. त्याच्या कडेला सावली दिसायला लागली, आधी फिकी, मग नीट काळी. मग त्यानं पाणी मागितलं, आणि मेंढरं कुठं गेली म्हणून विचारलं.

दुसऱ्या दुपारी ठकूनं सावलीच्या कडेनं राख ओढून खूण केली. घर त्यांनी धरलं होतं त्याहून एक खोली मोठं निघालं. सिदू कुरकुरला, आणखी दगड कोण वाहील म्हणाला. पण वाहिले त्यानंच. धोंडिबाची पाठही बरी झाली, आणि तो मान खाली घालून कामाला आला. भिंती चढल्या, आढं चढलं, छपराला गवत घातलं, दार बसलं. ज्या दुपारी दार बसलं त्या दुपारी सावली घराबाहेर कुठंच दिसली नाही. सगळी आत जाऊन मावली होती.

बाळ भिंतीच्या आतच जन्मलं. मुलगी झाली. तिचं नाव ठेवलं हौसा. घरात भांडण झालं नाही, आजार आला नाही, दूध नासलं नाही. फक्त सूर्य डोक्यावर आला की ठकू चूल विझवायची, हौसाला कडेवर घ्यायची, सिदूला हाक मारायची. दार ओढून घेऊन तिघं बाहेर दगडावर जाऊन बसायची. बंद दारातून आवाज यायचा. खर्र, खर्र. कधी पाळणा कुरकुरायचा. मग ऊन कललं की ती आत जायची. भुई झाडलेली असायची.

हौसा हे बघतच वाढली. मोठी झाली, लग्न होऊन दूरच्या गावी गेली. सासरचं घर चांगलं होतं, माणसं मायाळू होती. पहिल्याच दिवशी सूर्य डोक्यावर आला तशी ती उठली, पदर सावरला, दार ओढून घेतलं आणि अंगणात जाऊन बसली. सासू मागोमाग आली. काय झालं गं, आत का नाही बसत, म्हणून विचारलं. तर हौसा तिच्याकडं नवलानं बघतच राहिली. म्हणाली,

"म्हंजे? तुमी घराला कधीच एकटं बसू देत न्हाई?"

सासू हसली. पण का कोण जाणे, तीही तिच्याजवळ टेकली. दोघी मिळून ऊन कलेपर्यंत बसून राहिल्या.

तर अशी ती सगळी आपापल्या घरी सुखानं नांदली. चला, पांघरुणं घ्या अंगावर. पाय आत घ्या. दार मी लावलंय.