खुंटीवरचं फडकं

"मग त्याच्याखेरीज दुसरं कोण, माय?"

दिगंबरने काखेतलं गाठोडं चुलीपुढे टाकलं. त्यात भांडी घासायचा एक चिंधा होता, लिंबाजीचा. गेले दोन दिवस दिगंबरने तो पुरावा म्हणून उशाखाली दडवला होता.

येसूमाय गहू निवडत होती. तिने वर पाहिलं नाही.

नदीकाठच्या त्या मठात चाळीस वर्षं प्रत्येक घास तिच्या नजरेखालून गेला होता. शिष्य व्हायला आलेल्याला ती आधी चुलीपाशी बसवायची, मग मंत्र द्यायची. दिगंबर तीन वर्षं चुलीपाशी बसला होता. मंत्र अजून मिळाला नव्हता, आणि ते त्याला आतून कुरतडत होतं.

परवाच्या भंडाऱ्यात जेवून सत्तावीस माणसं ओकून ओकून आडवी झाली. दोन म्हाताऱ्या अजून तालुक्याच्या दवाखान्यात होत्या. उद्या सकाळी गावचे पंच येणार होते. मठ ज्याचं नाव सांगेल त्याला गावाबाहेर काढायचं, असं ठरलं होतं.

लिंबाजी चार महिन्यांपूर्वी कुठूनसा चालत आला होता आणि भांडी घासायला राहिला होता. त्याचं गाव कोणी विचारलं नव्हतं. आता सगळेच विचारत होते.

"डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या?" मायने विचारलं.

"भातात जंतू होते म्हणाल्या. हात बघा, भांडी बघा, फडकी बघा."

"मग बघितलंस?"

"हात त्याचे. भांडी त्यानं घासलेली. अजून काय बघायचं?"

"फडकी."

दिगंबरला हसू आलं. "भातावर झाकायचं फडकं माझं आहे, माय. सोवळ्यातलं. दुसऱ्याचं बोट लागत नाही त्याला."

"धुतोस कुठं?"

"नदीत. रोज, पहाटेच्या गार पाण्यात."

"उकळत नाहीस?"

"उकळायचं म्हणजे लिंबाजीच्या हंड्यात घालायचं! मग सोवळं उरलं काय?" त्याचा आवाज चढला. "उंच बांबूवर टाकतो. या चैत्रातल्या उन्हात पापडासारखं कडक होतं. त्यात जीव म्हणून काही उरत नाही."

"हं…"

मायचं ते 'हं' त्याला आवडलं नाही. लिंबाजीला ती पाठीशी घालतेय, हा संशय त्याला कालपासून होता. परवा तिने त्या माणसाला स्वतःच्या ताटातली भाकरी दिली होती. का दिली? गहू निवडता निवडता ती नेमकी आता गप्प का झाली?

"भंडाऱ्याचा भात कधी उतरवलास?"

"सकाळी आठला."

"आणि पंगत?"

"दुपारी दोनला. पाहुणे उशिरा आले, त्याला मी काय करू? भात परातीत पसरला, वर ओलं फडकं घातलं, आणि चुलीच्या उबेला ठेवला. सहा तास मी स्वतः राखण करत बसलो होतो. आजूबाजूला माशीसुद्धा फिरकू दिली नाही!"

"कुणाकडं बघत होतास?"

"लिंबाजीकडं."

"सहा तास?"

"सहा तास."

माय उठली. गुडघ्यावर हात देत, कण्हत उठली. चुलीमागच्या खुंटीवर एक फडक्याचा तुकडा टांगलेला होता. धुराने पिवळा पडलेला, वाळून पत्र्यासारखा झालेला. दिगंबर तीन वर्षं तिथे बसत होता, पण ते कसलं फडकं आहे हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

मायने ते त्याच्या मांडीवर टाकलं. "यात काय आहे?"

त्याने बोटांत धरलं, मोडून पाहिलं. टोकाकडून चुरा गळला. वास घेतला.

"काही नाही."

"नीट बघ. तू शिकलेला आहेस."

"काही नाही, माय! चिंधी आहे. मेलेली."

"गाय आटली तेव्हा शेवटच्या दह्यात बुडवून वाळवलं होतं. सहा महिने झाले." तिने चुलीवर दूध ठेवलं. उतू जाईपर्यंत तापवलं, मग बोट सोसेल इतकं निवू दिलं. "गेल्या महिन्यात गाय व्याली शेजारणीची. तिच्याकडनं हे आणलंय. बुडव त्यात."

दिगंबरने फडकं दुधात सोडलं. मग थबकला.

"भांडं मी बांधणार," तो म्हणाला. "माझ्या दोरीनं."

"का रे?"

तो दोरी शोधू लागला. माय मात्र पोट धरून हसली. "म्हातारी चोरून चमचाभर दही घालेल म्हणून? बांध. सात गाठी मार. तुझ्या उशाशी ठेव, त्या चिंध्याजवळ."

त्याने खरंच सात गाठी मारल्या.

सकाळी त्याने त्या एकेक करून तपासल्या. सातही तशाच होत्या, त्याच्याच हाताच्या, डावीकडून ओढलेल्या.

झाकण काढलं.

दही घट्ट लागलं होतं. भांडं तिरकं केलं तरी हललं नाही. मधोमध फडकं रुतून बसलं होतं, मऊ झालेलं, गुबगुबीत.

अंगणात लिंबाजी मोठ्या हंड्याखाली जाळ घालत होता. त्याची पुसायची फडकी बाजूला पडली होती. रोज सकाळी तो ती सोडा टाकून रटरटा उकळायचा. दिगंबरने हे रोज पाहिलं होतं. सहा तास टक लावून पाहणाऱ्याला ते दिसलं मात्र नव्हतं.

त्याने वर बघितलं. बांबूवर त्याचं सोवळं फडकं वाऱ्यावर खडखडत होतं. कडक, पांढरं. कुणाचंही बोट न लागलेलं.

किती दिवस ते असंच भातावर पडत होतं? ओलं… उबेला… मग नदीत… मग उन्हात… आणि पुन्हा भातावर. भंडाऱ्यादिवशी मात्र तासाभरासाठी नव्हे. सहा तास.

तो उंबऱ्यावर बसला.

"ऊन लागत होतं त्याला, माय…"

"लागत होतं."

"पाण्याचा टिपूस नसायचा."

"नसायचा."

"मग त्यातलं मेलं का नाही?"

माय दह्यातलं फडकं पिळत होती. तिने ते झटकलं आणि पुन्हा खुंटीवर अडकवलं.

"अंग आवळून बसलं असेल," ती म्हणाली. "तूही बसलास ना तीन वर्षं."

दिगंबरने मान खाली घातली. वाटेवर माणसांचा आवाज येऊ लागला होता. पंच चढण चढत होते. पुढे सरपंचांचा फेटा दिसत होता.

लिंबाजीनेही तो पाहिला. जाळ सारायचं त्याने थांबवलं नाही, पण त्याचं बोचकं दाराशी बांधून ठेवलेलं होतं. कधी बांधलं होतं कोण जाणे. त्याला विचारायलाही कोणी गेलं नव्हतं.

दिगंबर उठला. अंगणात गेला, बोचकं उचललं आणि आत आणून ठेवलं. मग पंचांच्या समोर जाऊन, फेट्याकडे न बघता म्हणाला, "लिंबाजीचा काही दोष नाही. फडकं माझं होतं. भात मी झाकला."

सरपंचांनी मायकडे पाहिलं. मायने मान डोलावली. मग सरपंच म्हणाले, "आधी त्या म्हाताऱ्या घरी येऊ देत. मग बघू." आणि सगळे आल्या वाटेने खाली उतरले.

दिगंबर मायसमोर येऊन उभा राहिला. ताठ. डोळे भरलेले, पण मान आता पुन्हा वर आलेली.

"मी प्रायश्चित्त घेतो, माय. आजपासून अकरा दिवस. अन्न नाही. मीठ नाही. उन्हात, उघड्या दगडावर बसेन. कुणाला शिवणार नाही. कुणाला शिवू देणार नाही. या देहात काही पाप शिल्लक ठेवणार नाही."

माय त्याच्याकडे बघत राहिली… मग बांबूकडे.

"फडकं उतरव," ती म्हणाली.

त्याने उतरवलं. छातीशी धरलं.

हंड्याला बुडबुडे येत होते. लिंबाजी लाकूड सारून बाजूला झाला, जागा करून दिली. दिगंबर तिथे जाऊन उभा राहिला. वाफ तोंडावर येत होती. फडकं त्याच्या हातून सुटेना.

"उपास करतो म्हटलं ना मी, माय…"

मायने खुंटीकडे बोट केलं.

"ते सहा महिने उपाशीच होतं, बाळा. लिंबाजी, जाळ वाढव रे."