दादाचा प्रश्न

“जन्मतःच, की हिनं ठरवून? एवढंच सांगा, माई.”

दादा अंगणातच उभा होता. बूटही काढले नव्हते.

मी ओसरीच्या खांबाला टेकून बसले होते. त्याचा आवाज चढला की मी दचकते, तशी दचकले.

माई वाटाणे सोलत होत्या. वेण्णेकाठच्या त्या मठात त्या एकट्याच राहायच्या. लहानपणी आम्ही दोघं दर रविवारी त्यांच्याकडे गीता म्हणायला जायचो. दादा मला सायकलच्या दांडीवर बसवून न्यायचा आणि उतार आला की “घट्ट धर गं!” म्हणून ओरडायचा. ब्रेक मात्र लावायचा नाही. सारवलेल्या जमिनीचा आणि कापराचा तो वास अजून नाकात आहे. आता माई नाहीत. मठात फरशी आली, असं ऐकते.

“कशाबद्दल म्हणतोयस, हेरंब?”

“हिला मुलगी आवडते. लग्नाला नाही म्हणते. पुण्यात त्या रेवतीबरोबर राहते.”

हे सांगताना त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

“बरं. मग?”

“मी सगळं वाचलंय. जुळ्यांवरचे अभ्यास, जनुकं, हार्मोन्स… कॉलेजात शिकवतो मी, माई! पण एक म्हणतो उपजत, दुसरा म्हणतो नुसतं उपजत नाही. ठाम कुणी बोलतच नाही.”

“आणि मी बोलू? मला चष्म्याशिवाय अळी कुठली नि वाटाणा कुठला, ते कळत नाही.”

मला हसू आलं. दादाला नाही.

“उपजत असेल तर तिचा दोष नाही. आईबाबांना मी समजावीन, हिला घरी नेईन. ठरवून केलं असेल तर तिनं ते सोडावं. नाहीतर आमच्या घरी…”

पुढचं तो बोलला नाही. मी मात्र ऐकलं.

माई माझ्याकडे वळल्या. “तुला काय वाटतं गं, वसू?”

“मला… नीट नाही सांगता येत, माई. कळायला लागलं तेव्हापासून असंच आहे. पण रेवतीचा हात मी आपणहून धरला. कुणी ढकललं नव्हतं.”

“बघा!” दादा म्हणाला. “म्हणजे निवडलंच!”

“सोडवेल तो हात?” माईंनी विचारलं.

“नाही.”

“बघ,” माई दादाला म्हणाल्या. “म्हणजे नाहीच निवडलं.”

“थट्टा नको, माई! मी आज काय ते ठरवायला आलोय.”

“ठरव की.”

…

माई गुडघ्यावर हात टेकत उठल्या, आत गेल्या. आत एक झाकण पडलं. मी पुन्हा दचकले.

बाहेर आल्या त्या खिचडीचं पातेलं आणि दोन पत्रावळी घेऊन. एक माझ्यापुढे मांडली. दुसरी दादाच्या हातात दिली.

तो ती तशीच धरून उभा राहिला.

“ही झाली तेव्हा तू केवढा होतास रे?”

“असेन सहा वर्षांचा.”

“तुला विचारून आणली होती?”

“काहीतरीच काय, माई! बहीण कुणी निवडतं का?”

माईंनी माझ्या शेजारची जमीन पदरानं पुसली.

“मग आज निवड.”